साच्याला माया हवी

आमच्या टॉकीजला तिकिटाच्या दोन खिडक्या होत्या. एक रस्त्याच्या अंगाला, पुरुषांची. तिथं रेटारेटी, तुटलेली बटणं, कधीमधी फुटलेली डोकी. दुसरी मागच्या बोळात, बायकांची. १९८० ते १९९६ अशी सोळा वर्षं संध्याकाळी सहाच्या आणि रात्री नऊच्या खेळाला त्या बोळातल्या खिडकीआड मी बसले. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. वडील, म्हणजे आमचे आप्पा, वर मशीनच्या खोलीत ऑपरेटर आणि खाली गल्ल्यावर मी. दिवसा माझा शिवणक्लास असायचा.

खिडकीच्या भोकातून मला फक्त हात दिसायचे. गोंदलेले, चिरा पडलेले, हिरव्या चुड्याचे, चुडा फुटलेले. पैसे सरकवायच्या आधी प्रत्येक हात एकच विचारायचा, "रडायचा हाय का हसायचा?" नट कोण, दिग्दर्शक कोण, गोष्ट काय, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. मराठी सिनेमाचे दोन मोठे साचे त्या एका प्रश्नात मावत होते.

टॉकीजच्या जागी मंगल कार्यालय उभं राहिलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. मी मात्र सिनेमा बघत राहिले. क्लासच्या वहीत मापं लिहायची सवय, म्हणून उमगलेलं नंबर टाकून लिहिते.

१. साचा गल्ल्यात तयार होतो

लोक म्हणतात, मराठी सिनेमावाल्यांना नवं काही सुचतच नाही. मला ते कधी पटलं नाही. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' हा तमाशापट आला आणि पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे मुक्काम ठोकून बसला. अडीच वर्षं! तेवढ्यात पोर जन्माला येऊन बोलायला लागतं. एका साली कांद्याला भाव मिळाला की पुढल्या साली सगळं शिवार कांदाच लावतं, तसं मग झालं. ढोलकी, फड, फेटेवाला पाटील, भोळा मास्तर आणि सोन्याच्या काळजाची नाचणारीण. आमच्याकडं डिस्ट्रिब्युटरचा माणूस यायचा, त्याला आप्पा गोष्ट विचारायचे आणि तो उत्तर द्यायचा, "पाच लावण्या हायत." आप्पांचंही त्यावर समाधान व्हायचं. कारण पाच लावण्यांना किती खुर्च्या भरतात, हे त्यांना पाठ होतं.

पण पडद्यावरच्या नाचणारणीला पोट नसायचं, बिऱ्हाड नसायचं, उद्याच्या सुपारीची चिंता नसायची. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट अवघ्या महाराष्ट्रात सांगितली जाते: दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचल्या, मधेच आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. तमाशापटांच्या इतक्या पिकात अशी बाई मला दिसली नाही. पडद्यावरच्या बाईचं काम ठरलेलं, एका सज्जन पुरुषाला बिघडवायचं किंवा त्याच्यासाठी मरायचं. 'सांगत्ये ऐका'त हंसा वाडकर होत्या. त्यांनी पुढं त्याच नावानं आपलं आयुष्य सांगितलं आणि त्यावरून श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये 'भूमिका' केला. तेव्हा कळलं, साच्याबाहेर केवढी बाई शिल्लक राहिली होती.

२. 'आपल्या मातीतलं' म्हणताना माती चाळून बघावी

'पिंजरा' (१९७२) आमच्याकडं दर दोन-तीन वर्षांनी लागायचा आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "ह्यो खरा आपल्या मातीतला." पुढं मला कळलं की तत्त्वनिष्ठ मास्तराच्या अधःपाताची ही गोष्ट मुळात १९३० च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन चित्रपटाची. 'माहेरची साडी' राजस्थानी चित्रपटावरून आला. 'धूमधडाका' (१९८५) हिंदी 'प्यार किये जा'वरून आणि ते हिंदीही तमिळवरून. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) च्या मागं हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' उभा.

यात लाज वाटण्याजोगं काही नाही. कापड कुठल्याही गिरणीचं असो, अंगावर बसलं पाहिजे. पुण्यात खोली मिळवताना होणारी तारांबळ आमच्या गावच्या प्रत्येक पोरानं सोसली होती. म्हणून 'बनवाबनवी'तली धनंजय माने आणि मंडळी त्यांना सख्ख्या भावांसारखी वाटली. उसन्या गोष्टीत आपलं दुखणं भरलं की ती आपली होते. उलट, अस्सल गावात शूटिंग करून, अस्सल बैल उभे करूनही कितीतरी सिनेमे परके राहिलेले मी बघितलेत.

३. नक्कल मिशीची होते, कारखान्याची होत नाही

निळू फुले पडद्यावर आले की बायकांच्या बाजूनं शिव्यांचा पाऊस पडायचा. "मुडदा बशिवला तुझा" ही त्यातली सौम्य शिवी. नट म्हणून याहून मोठी पावती नाही. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतला, चळवळींसाठी झिजणारा. हे मी खिडकीतून सांगायचे, पण एकही बाई विश्वास ठेवायची नाही.

जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकरांच्या 'सामना'त त्यांनी हिंदुराव धोंडे-पाटील केला. तो पाटील नुसता दुष्ट नव्हता. त्याच्यामागं साखर कारखाना होता, सहकार होता, त्यातून आलेली सत्ता होती. त्यानं खरोखर काहीतरी उभं केलं होतं, आणि ते उभं करताना कुणाला तरी गाडलं होतं. आमच्या भागातल्या लोकांना तो ओळखीचा वाटला, कारण कारखान्यानं रस्ते आले, शाळा आल्या आणि त्याबरोबर कुणी जीभ कधी उचलायची याचे नियमही आले, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

पुढच्या चित्रपटांनी त्यातून काय उचललं? मिशी, फेटा, गाडी आणि बायकांवरची नजर. कारखाना गळाला. सत्तेचा हिशोब गळाला. उरला एक वाड्यातला राक्षस, ज्याला शेवटच्या रिळात गावानं काठ्यांनी मारलं की प्रश्न मिटला. प्रेक्षक खूश, आणि खरे हिंदुरावही खूश, कारण पडद्यावरच्या त्या राक्षसाशी त्यांचं काही नातं उरलं नव्हतं. आमच्या गावचे एक पाटील सहकुटुंब यायचे, बाल्कनीत बसून पडद्यावरच्या पाटलाला मनसोक्त शिव्या घालायचे. साचा जेवढा भडक, तेवढी खऱ्या माणसाची सुटका सोपी.

४. हसणाऱ्याला वळ दिसत नाहीत

तमाशापटात नाच्या हवाच. कोल्हापूरचे गणपत पाटील वर्षानुवर्षं ते काम करत आले. त्यांनी कमरेवर हात ठेवला की थेटर डोक्यावर घ्यायचं. मूळचा हा चांगला, गंभीर भूमिका करू शकणारा नट. पण एकदा नाच्या गाजला आणि मग त्यांना दुसरं काम मिळणं मुश्किल झालं.

आमच्या गावात एक पोरगा होता. चालणं जरा मऊ, आवाज बारीक. पुरुषांच्या रांगेत उभा राहिला की मागून नाच्याच्या टाळ्या सुरू, चिमटे सुरू. म्हणून तो एकदा बोळातून येऊन माझ्या खिडकीशी उभा राहिला. भोकातून आलेला तो हात मला अजून आठवतो. नखं स्वच्छ कापलेली, मुठीत घामेजलेली नोट. मी म्हटलं, "ही बायकांची खिडकी हाय. तिकडं जा." रांगेतल्या बायका हसल्या. मीही हसले. त्यानंतर तो टॉकीजला आलेला दिसला नाही.

२०१० च्या जानेवारीत 'नटरंग' आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधवांचा. पोटासाठी, कलेसाठी नाच्या होणारा पैलवान गडी अतुल कुलकर्णींनी उभा केला. थेटरात लोक लावण्यांना शिट्ट्या मारत होते. मी मान खाली घालून बसले होते. इतकी वर्षं आम्ही ज्याला हसलो तो साचा होता, असं मी स्वतःला सांगत आले होते. पण हसण्याचे वळ साच्याच्या अंगावर उठत नाहीत. ते त्या पोराच्या अंगावर उठले होते, आणि त्यातला एक वळ माझा होता.

५. रडणाऱ्या बाईला हसू नये

१९९१ मध्ये विजय कोंडके यांचा 'माहेरची साडी' आला तेव्हा आमच्या बोळात उभं राहायला जागा नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून वाड्यावस्त्यांवरच्या बायका येत. कडेवर पोर, पदराला भाकरी. ज्या सासवा सुनांना देवळातही एकट्या सोडत नसत, त्या सुनांना बरोबर घेऊन येत आणि शेजारी बसून रडत. इंटरव्हलला मोरीपाशी तोंडं धुवायला रांग लागायची.

शहरातले समीक्षक या सिनेमाला हसले. मीही आधी हसायचे. क्लासमधल्या मुलींना म्हणायचे, एवढ्या छळातून उठून ही अलका कुबल एकदा तरी 'नाही' का म्हणत नाही? मग एकदा एक बाई तिसऱ्यांदा तिकीट काढताना मी विचारलं, "मावशी, गोष्ट पाठ झाली असंल की." ती म्हणाली, "गोष्ट कोन बघतंय? घरी रडलं तर इचारत्यात, का रडतीस. हितं कोन इचारत न्हाई." अंधारातले तीन तास, विनाचौकशी रडायची सोय. एवढ्यासाठी ती तिकिटाचे पैसे धान्याच्या डब्यातून काढून आणत होती.

म्हणून साच्यावर टीका करताना आधी बघावं, तो कुणाची कुठली गरज भागवतोय. सिनेमावाल्यांनी त्या गरजेची दखल घेतली, मात्र धंद्यापुरती. पुढची काही वर्षं माहेर, सासर, कुंकू, सौभाग्य हेच शब्द उलटेपालटे करून नावं पडत राहिली. छळ वाढत गेला, सासू जास्त खाष्ट झाली, सून जास्त सोशिक झाली. रडणाऱ्या बाईला कुणी दार उघडून दिलं नाही, दर वेळी नवा रुमाल तेवढा दिला. १९९५ च्या सुमारास ट्रॉल्या थांबल्या. घरोघरी टीव्ही आला होता आणि तिथं रडायला तिकीटही लागत नव्हतं.

६. दुसऱ्यानं काढलेलं आपलं चित्र झोंबतं, आपण काढलेलं दुसऱ्याचं झोंबत नाही

हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे धुणीभांडी करणारी बाई नाहीतर हवालदार, यावर आमच्या गावात पानपट्टीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत चर्चा व्हायची. राग रास्त होता. ज्या भाषेनं फाळके दिले, प्रभात दिली, तिच्या वाट्याला मुंबईच्या पडद्यावर काष्टा आणि पोछा यावा?

पण घरातली भांडी बघा. आमच्या सिनेमातला मारवाडी व्याजानं गावाला लुटणारा. दक्षिणेचा माणूस अण्णा, त्याला 'अय्यो'पलीकडं शब्द नाही. उत्तरेचा भैया दुधात पाणी घालणारा. गोव्याचा ख्रिश्चन हातात बाटली घेऊन, प्रत्येक वाक्याला 'मॅन' लावणारा. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोव्याच्या वादक-संयोजकांनी हिंदी सिनेमाचं संगीत घडवलं, आणि त्याच सिनेमानं त्यांच्या माणसांच्या हाती बाटली दिली. आम्हीही तीच उचलली.

हवालदाराचंही तसंच. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' १९७५ मधला. दादांच्या नऊ चित्रपटांनी लागोपाठ रौप्यमहोत्सव केला, गिनीज बुकात नोंद झाली, त्यांच्या विनोदाची ताकद मी खिडकीत बसून मोजलेली आहे. पण त्यानंतर महाराष्ट्रातला प्रत्येक शिपाई 'पांडू' झाला. आमच्या बोळात पोलीस लाइनीतली एक बाई यायची. ती म्हणाली होती, "पोरगं शाळंतनं रडत आलं. बापाला पांडू म्हणत्यात." हिंदीवाल्यांनी आमचा हवालदार केला म्हणून आम्ही चिडतो, त्याचं नाव मात्र आम्हीच ठेवलं.

आणि मराठीतल्या मराठीतही उतरंड आहे. प्रेमात पडायचं तर पुण्याच्या भाषेत, हसायचं तर मालवणीला, नाहीतर 'करून राहिलो' म्हणणाऱ्या वऱ्हाड्याला. आमची साताऱ्या-कोल्हापूरची बोली 'गावरान' म्हणून सगळ्या महाराष्ट्राच्या खेड्यांना चिकटवलेली. यवतमाळचं खेडंही पडद्यावर 'आरं लेका' म्हणायचं. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मध्ये (२०१६) नायिका आर्ची करमाळ्याकडच्या बोलीत प्रेम करते, भांडते, हुकूम सोडते आणि कुणी तिच्या बोलीला हसत नाही, हे बघून मी जिंकल्यासारखी घरी आले.

या सगळ्यावर मला सगळ्यांत टोकदार वाटला तो चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मधला (२०१४) एक प्रसंग. गीतांजली कुलकर्णींनी केलेली सरकारी वकील सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. नाटकात परप्रांतीयाची टर उडवली जाते, प्रेक्षागृह हसतं, तीही हसते. ही बाई वाईट नाही. लोकलनं घरी जाते, स्वयंपाक करते. आपल्यासारखीच आहे. म्हणून तर त्या हसण्यानं अंगावर काटा येतो. बोळातल्या रांगेतलं माझं हसणं मला तिथं ऐकू आलं.

७. जिथं हात जोडले जातात तिथं गोष्ट लहान होते

आप्पा प्रभातच्या 'संत तुकाराम'ची (१९३६) पेटी आली की मशीनला उदबत्ती लावायचे. पुढं भालजी पेंढारकरांच्या शिवचरित्रपटांना लोक चपला काढून बसलेले मी बघितलेत. ती श्रद्धा खोटी नव्हती. आता 'फर्जंद', 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' अशी नवी रांग लागली आहे. माझा नातू ते बघून घरात तलवार म्हणून पट्टी फिरवतो, मला आनंदही होतो.

पण तीच चार-पाच प्रकरणं: प्रतापगड, पन्हाळा, लाल महाल, सिंहगड. तीच संथ चाल, तीच धूळ, तोच भगवा, शत्रूच्या डोळ्यांत तेच काजळ आणि हातात तीच मांसाची तंगडी. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, धान्य-गवत पैसे देऊन घ्या, रात्री दिवे तसेच ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, असा त्यातला आशय. राज्य चालवणारा माणूस उंदराच्या वातीपर्यंत विचार करतो! यापेक्षा थरारक काय असतं? पण त्यात घोडा उधळत नाही, म्हणून त्यावर सिनेमा निघत नाही. मूर्ती जेवढी उंच, तेवढा तिच्यातला माणूस लांब जातो. पूजा करताना प्रश्न विचारायचा नसतो, आणि प्रश्नाशिवाय पटकथा पुढं सरकत नाही.

८. साचा मोडणाऱ्याचाही साचा होतो

२००४ मध्ये संदीप सावंतांच्या 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं. मराठीला ते 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मिळत होतं. आजोबा, आजारी नातू, एक डॉक्टर. ना लावणी, ना सासू. मराठी सिनेमा पुन्हा जन्मला, असं सगळे म्हणाले, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं. 'वळू', 'टिंग्या', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' असे एकाहून एक सिनेमे पाठोपाठ आले.

मग हळूहळू जाणवलं, नव्या साच्याचा कागद बेतला जातोय. एक निरागस पोर, एक डोंगर, पाठीवर दप्तर, एक न परवडणारी वस्तू आणि शेवटी लांब जाणारी पायवाट. काही सिनेमांत हे खणखणीत होतं. 'फँड्री'तल्या जब्यानं शेवटी प्रेक्षकांच्या दिशेनं भिरकावलेला दगड मला अजून चुकवता आलेला नाही. पण कितीतरी जणांनी पायवाट घेतली आणि दगड तिथंच ठेवला. 'सैराट'चं तर विचारूच नका. जातीच्या भिंतीवर डोकं आपटून संपणारा तो सिनेमा. नकलाकारांनी त्यातून विहिरीतली उडी, बुलेट आणि नाचाचं गाणं नेलं. 'सामना'तली मिशी आणि 'सैराट'मधली बुलेट, यांत चाळीस वर्षांचं अंतर आहे, रीत एकच.

बायोपिकचंही तेच. अधूनमधून 'आनंदी गोपाळ'सारखा (२०१९) एखादा चित्रपट नवरा-बायकोतला ताण दाखवायचं धाडस करतो. बाकीच्यांत नायक जन्मापासूनच थोर असतो.

९. लांबून साचा गोड लागतो

माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या ओळखीतली मंडळी हॉल घेऊन मराठी सिनेमे दाखवतात. मी गेले होते तेव्हा सिनेमा निवडायची चर्चा चालू होती. एक गृहस्थ म्हणाले, "काकू, छान वाडा, तुळशीवृंदावन, पुरणपोळी असं काहीतरी सुचवा. मुलांना आपला महाराष्ट्र दिसला पाहिजे." मी 'कोर्ट' सुचवला. शांतता पसरली.

मला त्यांचा राग आला नाही. घरापासून दूर गेलेल्याला घर नीटनेटकंच आठवतं. माहेरची आठवण काढणाऱ्या लेकीला परसातला उकिरडा कुठं आठवतो? पण त्या हॉलमधल्या पोरांना महाराष्ट्र म्हणजे तुळस आणि तलवार एवढंच कळणार असेल, तर आपण त्यांच्या हाती देश देतोय की दिवाळीचं शुभेच्छापत्र, असं वाटून गेलं.

१०. साच्याला माया हवी

शिवणक्लासमध्ये पहिल्या दिवशी मी कागदी कटिंग द्यायचे. बत्तीस, चौतीस, छत्तीस. मुली विचारायच्या, बाई, हे मापाला बसंल का? मी सांगायचे, कागद कुणाच्याच अंगाला बसत नाही. म्हणून शिवणीच्या आत माया सोडायची. अंग भरलं, बाळंतपण झालं, तर उसवून सोडता येते. माया न सोडता शिवलेला ब्लाउज पहिल्या दिवशी झकास दिसतो आणि हात वर केला की काखेत फाटतो.

सिनेमाला साचे लागणारच. रोज शून्यातून सुरुवात करायला पैसे नसतात, वेळ नसतो, आणि प्रेक्षकालाही ओळखीची वाट हवी असते. माझं भांडण साच्याशी नाही. पाटील असू द्या, पण त्याच्या आत माणसाला हलायला दोन बोटं माया ठेवा. नाच्या असू द्या, पण त्याला घरी परतताना एकदा दाखवा. सून रडू द्या, पण एकदा तिला मान वर करून बघू द्या. जे सिनेमे टिकले, त्यांच्या शिवणी मी उसवून बघितल्यात. आत कापड शिल्लक होतं.

आणि ज्यांच्यासाठी अजून कागदच कापलेला नाही, त्यांचं काय?

थंडीत आमच्याकडं कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. कारखान्यामागच्या माळावर कोप्या पडायच्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मजुरी मोजायची रीत. उचल आधीच खाऊन झालेली. बाजाराच्या दिवशी त्यातल्या बायका नऊच्या खेळाला यायच्या. उसाच्या पाचटानं ओरखडलेले ते हात मी लांबूनही ओळखले असते.

एकदा असाच एक हात भोकातून आत आला. पैसे मुठीत होते, पण मूठ उघडेना. पडद्यावर त्या आठवड्यात पाटील होता, कारखाना होता, जीप होती. तिनं विचारलं, "बाई, ह्यात आमच्यातलं कुनी हाय का?"

सोळा वर्षांत हा प्रश्न मला एकदाच विचारला गेला. मी सिनेमा तीनदा बघितला होता. ऊस होता, उसाआड लपणारी नायिका होती, ऊस तोडणारं कुणी नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई, मावशी."

ती जरा थांबली. मागच्या बायका ढकलत होत्या. मग मूठ उघडली आणि पैसे माझ्याकडं सरकले.

"मग हसायचा तरी हाय का?"